डावखुरा हिरो

तुम्ही सिनेमावर एवढे तावातावाने बोलताय, पण मी तोंड उघडत नाही, त्याला कारण आहे.

छप्पन साल असेल. माझं लग्न नुकतंच झालं होतं. त्या आनंदात शहाद्याहून मशीन मागवून आमच्या कळसाडीच्या अंगणात सिनेमा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मित्रांबरोबर त्याचीच चर्चा. बायको चहा घेऊन आली. मी शिकलेला, सुधारलेला नवरा! सगळ्यांसमोर विचारलं, "तुला कसा वाटला?"

ती लाजत म्हणाली, "चांगला व्हता. पन तो हिरो डावखुरा शे का? जेवे बी डावा हातघाई, लिखे बी डावा हातघाई."

मित्र पोट धरून हसले. तिची बाजू घ्यायची सोडून मीच वर म्हणालो, "हिच्या माहेरी डावं-उजवं फक्त बैलांना शिकवतात!"

ती खाली मान घालून आत गेली. तेवढ्यात माझी माय दारात आली.

"भाऊ, मले बी तो डावाच दिखना. समद्या बायासले दिखना."

"असं कसं?"

"गडीमानसे पुढे बसतीन, बाया पडदाना मांगे, असं काल कोनी सांगं?"

मीच सांगितलं होतं. पडदाही मीच बांधला होता. मागून उजव्याचं डावं दिसतं, एवढं त्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

आता आम्ही शेजारी बसून सिनेमा पाहतो. पण कसा वाटला विचारलं, की ती अजून एवढंच म्हणते, "तुम्हीच सांगा. तुम्ही पुढे बसनारा."