बाबांचा बाप्तिस्मा
तुमच्या दारात सेल्समन येतात ना? आमच्या अमेरिकेतल्या, फ्रीमाँटच्या घरी तर वारलेल्या बाबांसाठी माणसं आली होती! आई तेव्हा पुण्याहून आलेली. टाय लावलेले, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन प्रचारक सायकली बाहेर लावून आत आले. आईने चहा विचारला, तर चहा पीत नाहीत म्हणे! तिथेच माझं डोकं फिरलं.

बाबा वारल्याचं कळताच एक म्हणाला, "तुम्ही आमच्यात आलात, तर वडिलांच्या नावाने दुसऱ्याला पाण्यात बुडवून त्यांचा बाप्तिस्मा करता येईल."

मी चिडून आईला ट्रान्सलेट केलं. आई थंड. "त्यात काय? मीही गंगेत ह्यांच्या नावाने डुबकी मारली होती. पण ह्यांना पटलं का, ते कसं कळतं?"

"ते त्यांच्यावर आहे. आपल्याला कळत नाही," तो प्रचारक म्हणाला.

"म्हणजे? कावळा शिवत नाही?"

झालं! पिंड ठेवायचा, कावळ्याने खाल्ला की गेलेला माणूस तृप्त, हे इंग्लिशमध्ये सांगता सांगता माझी वाट लागली. दोघं घाईघाईने उठले.

दार उघडलं, तर सायकलच्या सीटवर हा एवढा कावळा!

आईने पटकन पदर सावरला आणि त्यांना मराठीतच म्हणाली, "हे बघा, आलेच हे. आता त्यांनाच विचारा."