गवेखिंडीतला चकवा

"सून आणली खरी, पण तोंडात जीभ हाय का न्हाई तेच कळंना. गव्यागत नुसती बघत उभी ऱ्हाती."

चुलीपाशी बसून आत्याबाई शेजारणीला हे सांगत होत्या आणि त्यांची नवी सून मालन होती भिंतीपलीकडं, गोठ्यात, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन. तिनं सगळं ऐकलं. पाटी नेऊन उकिरड्यावर ओतली आणि मनात म्हणाली, गवा म्हणाल्या तेच बरं, म्हैस म्हणाल्या असत्या तर दूध मागितलं असतं.

तर ऐका, गोष्ट या मालनची. सरका थोडं विस्तवाकडं.

नवरा बेळगावला कामाला. डोंगरापलीकडच्या गावात सासऱ्यांच्या भाचीची हळद होती, म्हणून घरची तिघं तिकडं गेली. आत्याबाई म्हशी पिळायला दुपारीच माघारी आल्या. मालन मागं राहिली, पंगतीची भांडी घासायला. तिला घरी आणायचं काम सासऱ्यांचं, भैरू मामंजींचं. आणि मामंजी म्हणजे कसे, पानावर बसले की उठायचं नाव नाही. शेवटची एसटी निघून गेली. लोक म्हणाले, ऱ्हावा की आज.

"माझ्याच डोंगराला मी भ्यायचं व्हय?" मामंजी म्हणाले.

झालं. दिवेलागण होऊन गेली होती. मामंजींनी घोंगडं पांघरून गळ्याशी गाठ मारली आणि निघाले. चार पावलं मागं मालन. सासऱ्याशी बोलायची सुनेला रीत नव्हती, त्यामुळं भांडण व्हायचीही सोय नव्हती.

वाट गवेखिंडीची. ही वाट माणसानं पाडलेली नाही बरं का. गव्यांनी पाडली. कळपच्या कळप खिंडीतनं खाली झऱ्यावर उतरायचा. त्यांच्या अंगानं कारवीची झुडपं मोडायची, मोडली की ऊन पडायचं, ऊन पडलं की गवत. गवताला भेकरं, ती लहान हरणं, यायची. ह्यांच्या शेणातनं, त्यांच्या लेंड्यांतनं नवी झाडं रुजायची. गवे पाण्यात उतरून पाला तुडवायचे, झरा मोकळा राहायचा. माणसं नुसती मागनं चालली आणि म्हणाली, ही आमची वाट.

मग एकदा कळप नाचणीत शिरला. गावानं खिंडच बंद केली. मेढी रोवल्या, काटे घातले, कडेला माणसापुरती फट ठेवली. पुढं कोण होतं? भैरू मामंजी. कळप दुसरीकडं गेला. बघता बघता कारवी डोक्यावर आली, झरा बुजला. आणि तेव्हापासनं, ऐका, तिथं चकवा लागायला लागला.

दोघं चालले, चालले, आणि एक वाकडं जांभळाचं झाड आलं. पुढं चालले. पुन्हा तेच जांभूळ. मामंजींनी सदरा काढला आणि उलटा करून घातला. चकव्यावर हाच उतारा ना. मालननं काय उलटं करायचं? तिनं पदर डाव्या खांद्यावरनं उजव्यावर घेतला. चालले. पुन्हा जांभूळ.

तेवढ्यात हाक आली. आत्याबाईंचा आवाज, हुबेहूब. "मालन, इकडनं ये गं बाळ."

मालन जागच्या जागी थांबली. आत्याबाईंनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. बाळ तर लांबच.

पण मामंजी फसले. कारवीपलीकडं कंदील हलत होता. "आलो गं," म्हणाले आणि झपाझप त्या उजेडाकडं निघाले. मालनला त्यांच्या पायाखालचा दगड घरंगळलेला ऐकू आला. मग काहीच नाही. मग फार खालनं, टक्. पुढं कडा होता.

मालन धावली. तिनं घोंगड्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मटकन खाली बसली. घोंगड्याबरोबर मामंजी उताणे. पलीकडचा कंदील विझला.

आणि तो आवाज अगदी जवळ आला. आता आत्याबाईंचा नव्हता, कुणाचाच नव्हता. "थांबा की. कळप गेला. आता इकडनं कुणीच जात न्हाई. तुमी तरी थांबा."

मालनला भीती वाटली. आणि खरं सांगू का, कीवही आली.

तोवर कारवी कडाकडा मोडायला लागली. अंधारातनं अंधार बाहेर आला. गवा. एकुलगा, म्हातारा, कळपातनं सुटलेला. त्यानं दोघांकडं बघितलं, फुसकारला, आणि खिंडीकडं चालू लागला. ऐका, चकवा माणसाच्या डोळ्याला लागतो, गव्याच्या पायाला लागत नाही. मालननं घोंगडं ओढलं. मामंजी गुमान उठले. तो मोडत पुढं, हे मोडलेल्यातनं मागं. आणि शेजारनं तो आवाज. "थांबा की. थांबा."

खिंडीत कुंपण. गवा अडला. डोकं लावलं, मेढी हलेनात. अरुंद जागा, माणसापुरती फट त्याच्या अंगाआड. तो वळला असता तर हे दोघं त्याच्या पायाखाली.

मामंजी दरडीवर चढले. शेवटची मेढ तिथल्या झाडाला बांधलेली, गाठ त्यांच्याच हातची. अंधारात चाचपून त्यांनी ती सोडली. कुंपण एका अंगाला झुकलं, पडलं. गवा त्याच्यावरनं पार झाला, खाली झऱ्याच्या अंगाला उतरला. आवाज खिंडीतच राहिला. मग तोही थांबला.

सकाळी मामंजींना सणकून ताप. गाव ओसरीवर जमलं. कुणी कोयता घेऊनच आला होता. "कुंपण पडलं, आता चकवा गावात उतरंल. आजच दुप्पट मेढी ठोकूया."

"ठोका बाबांनो," आत्याबाई म्हणाल्या. "थोडक्यात वाचला माझा मालक."

मामंजी घोंगड्याखालनं सगळं ऐकत होते आणि आढ्याकडं बघत होते. मालन काढा घेऊन दारात आली होती. तिनं पेला खाली ठेवला, पदर सारखा केला.

"मेढी ठोकू नका, कळप माघारी येऊ दे," ती म्हणाली. "कुंपण शेताला घालत्यात, आत्याबाई, डोंगराला न्हाई. आनि दिवस मावळल्यावर त्या वाटंनं कुनी जायचं न्हाई. ती गव्यांची हाय."