आम्ही नीट लावलेल्या जोड्या

शोभावहिनी, नवी पेठेतल्या माझ्या व्यापारी बांधवांनो, आणि दत्ताअण्णांच्या दुकानातली चप्पल घालून आज इथवर चालत आलेल्या सगळ्यांनो,

आजच्या या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय ते अण्णांचा शेजारी म्हणून. त्यांचं दुकान आणि माझं दुकान, मधे एक भिंत. दोघंही चपला-बूटवाले. तेव्हा ह्याला अण्णांचं सगळं ठाऊक असणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मला काहीच ठाऊक नव्हतं. हे सांगताना मान वर होत नाही. तरी सांगतो, कारण गप्प बसून घरी गेलो तर वहिनींचं झालेलं नुकसान तसंच राहील.

आपल्या पेठेची अवस्था तुम्ही बघताय. गिऱ्हाईक येतं, पंख्याखाली बसतं, चार जोड पायात घालून बघतं, नंबर पक्का करतं आणि आपल्याच दुकानात बसून मोबाईलवर मागवतं. वर आपल्यालाच विचारतं, तिथं स्वस्त आहे, तुम्हीच का महाग देता? मी भाव पाडला. सेलचा बोर्ड लावला. दाराला फुगे बांधले. काही फरक पडला नाही.

अण्णांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी फॅशनचा सगळा माल काढून टाकला आणि ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, त्यांच्यासाठीच दुकान चालवायचं ठरवलं. पोलिओ झालेले. अपघातात पाय आखडलेले. साखरेच्या आजारानं बोटं गेलेले. मी म्हणालो, "अण्णा, असली माणसं असून असून किती असणार? दुकान बसेल." ते म्हणाले, "त्या मोबाईलवाल्याकडं जगातला समदा माल हाय. पण त्यो जोडी विकतो. जोडीबिगर त्याला काय येत न्हाय. मी जोडी फोडतो की."

जोडी फोडतो! आपल्या धंद्यात पहिल्या दिवशी काय शिकवतात? जोडी फोडायची नाही. एक पाय, म्हणजे जोडीतली एक चप्पल, गेला की दुसरा कचरा. आम्ही हसलो. चहाच्या गाड्यावर आम्ही त्यांना काय नाव ठेवलं होतं, ते इथं सांगणार नाही. वहिनींना ते ठाऊक आहे. आत्ता त्यांच्या तोंडाकडं बघून मला ते कळलं.

अण्णांचं दुकान बसलं नाही. अक्कलकोटहून माणसं यायची, अकलूजहून यायची. एकदा आलेला दुसरीकडं गेला नाही. जाणार कुठं? आणि मी भिंतीपलीकडं बसून हे सगळं बघत होतो. पण एकदाही आत जाऊन विचारलं नाही, की अण्णा, तुम्ही हे करता कसं? गिऱ्हाईक समोर आलं की दोन खोकी उघडून त्यातनं एकेक पाय देत असतील, असं मी धरून चाललो.

अण्णा गेले. वहिनी म्हणाल्या, दुकान मी चालवणार. आम्हाला वाटलं, आता तरी शेजारधर्म पाळावा. वहिनी घरी पाहुण्यांत होत्या, त्यांच्याकडनं किल्ली मागून घेतली आणि आम्ही सगळे चपलावाले मिळून दुकान आवरायला गेलो. खोकं उघडलं, तर डावा सहाचा आणि उजवा आठचा. दुसरं उघडलं, तर उलटं. ज्या खोक्याला हात लावावा त्यात विजोड. शेवटी शेवटी अण्णांचा हात थरथरायचा, डोळ्याला कमी दिसायचं. आम्ही हळहळलो. आजारपणात किती घोटाळा केला बघा म्हणालो. आणि बसलो जुळवत. सहाला सहा, आठला आठ. हात सवयीचे, भराभर चालले. संध्याकाळी सगळं दुकान कसं लख्ख दिसत होतं. आम्ही खूश होऊन चहा प्यायलो.

दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी अकलूजच्या रंजनाताई आल्या. त्या समोर बसल्यात. लहानपणी पोलिओ झालेला, डावं पाऊल लहान. अण्णा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. वहिनींनी त्यांचं ठरलेलं खोकं काढून दिलं. ताईंनी चप्पल हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "ही माजी न्हाय. ह्यात माजा डावा पाय कुटं हाय?"

वहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भावजी, तुमी समदी खोकी उघडली व्हय?"

मी म्हणालो, "व्हय वहिनी. सगळं नीट लावून दिलंय की."

केवढ्या तोऱ्यात म्हणालो मी.

मग वहिनींनी मला समजावलं. रंजनाताईंचा डावा लहान. जुळे सोलापूर भागात एक रिटायर क्लार्क आहेत, त्यांचा उजवा लहान. दोन जोड्या फोडल्या की दोघांचं भागतं आणि काही वाया जात नाही. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलंही नाही. अण्णांनी अशी माणसाला माणूस शोधून खोकी भरून ठेवली होती. ज्याच्या उलट मापाचं माणूस अजून सापडलेलं नाही, त्याचा उरलेला पायही जपून ठेवला होता. कुठलं खोकं कुणाचं ते वहिनी जागेवरून ओळखायच्या, पण आत काय, ते अण्णांच्या डोक्यात. आणि आम्ही एका दुपारीत सगळं सारखं करून टाकलं.

रंजनाताई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ. अण्णा भेटायच्या आदी मी मोठ्या चपलेत चिंध्या कोंबून चालतच हुते की." ताई, ते वाक्य माझ्या कानातनं जात नाही. मला लाज वाटते.

म्हणून एक विनंती आहे. अण्णांचं जे गिऱ्हाईक इथं आलंय, त्यांनी सभा संपल्यावर लगेच जाऊ नका. आम्ही पेठेतले चपलावाले इथंच सतरंजीवर बसणार आहोत. तुमचं माप आम्ही घेऊ. तुमच्या पायाला हात लावून घेऊ. डावा कुठला, उजवा कुठला, ते वहिनींना सांगू आणि जुळवलेली एकेक जोडी आमच्या हातानं फोडून देऊ.

आता अण्णांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहूया. ज्यांना उभं राहणं जड जातं, त्यांनी बसूनच राहा, अण्णांनी तुम्हाला कधी उभं ठेवलं नाही.

आणि बाहेर जाताना दाराशी कुठं एक पाय लहान, एक मोठा अशी चप्पल दिसली, तर तिला कुणी हात लावू नका. ती बरोबर आहे.