पुस्तकातलं रूप

धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या कुसुमलताच्या कानावर शेजारच्या आजी-नातीचं बोलणं पडत होतं.

“काय पाठ करी ऱ्हायनी, पोरी?”

“फ्रेंच क्रियापदं. ही रूपं आता बोलत कोणीच नाही, आजी. फक्त पुस्तकात असतात.”

“मंग कसाले शिकस?”

“परीक्षेला येतात. ‘त्यांनी परत यावं असं मला वाटायचं’, असलं लिहायला.”

“त्यामा तुना आबास्नं नाव घाल.”

“ज वुले क लोटन रव्हँ. पण आजी, तू तर आबांचं नाव कधीच घेत नाहीस.”

“ते वारनात तवय बी नाव तोंडमा उनं नही. हाई भाषा आठे कोले समजस? म्हन परत, हळू.”

कुसुमलतानं नजर पाटीकडे वळवली.

“ज वुले क... लोटन.”

“पुढचं राहिलं, आजी.”

“ऱ्हाऊ दे. इतलंच पुरे.”