चप्पल घालून मोजलेली उंची

"काकू, ही बाहुली दोन वर्षांची ना?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाळेशेजारच्या अंगणवाडीच्या रांगेत मुलीला घेऊन उभ्या असलेल्या बाईंना मी बिनधास्त विचारलं.

"चार पूर्ण झाली, बेटा."

आमचं खिदळणं थांबलं. काकूंचा नंबर आला. अंगणवाडीच्या दीदी उंची मोजू लागल्या.

"चप्पल राहू द्या पायात."

"मागल्या महिन्यातही चप्पल घालूनच मोजली, दीदी. कागदावर उंची पुरेशी दिसली, हिरवी झाली अन् हिचा जादा आहार बंद!"

"उद्या तपासणीला साहेब येतायत. लाल निशाणीची, खुरटलेली मुलं दिसली की मलाच झापतात."

"अन् ही रोज खायला मागते, तिला काय सांगू? तू हिरवी आहेस?"

"समझो ना, बहनजी. पुढे सरका."

घरी दप्तरही न ठेवता मी सांगून टाकलं, "आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. अंगणवाडीत जाऊन साहेबांसमोर त्या चार वर्षांच्या मुलीला अनवाणी मोजायला लावणार आहे."