दंड घातलेलं लुगडं

जयंती : आधी सुई ओवून दे, मग हवं तेवढं भांड. चष्मा लावला तरी भोक दिसत नाही मेलं मला.

विमला : भांडत नाहीये मी, वहिनी. एवढंच म्हणतेय की, निरोपात ‘आईचं लुगडं घेऊन ये’ इतकंच होतं. कापायचंय, हे नव्हतं.

जयंती : कापायचंय म्हटलं असतं तर आली असतीस?

विमला : नसते आले.

जयंती : मग! अगं, आमच्या अनुपमाला सातवा लागला. तुझी भाची आई होणार. या घरातलं पहिलं नातवंड, विमल. त्याला पहिलं दुपटं पणजीच्या लुगड्याचं नको?

विमला : हल्ली विकत मिळतात की. इथेच मुलुंडला स्टेशनसमोर टांगलेली पाहिली येताना. बदकं काढलेली.

जयंती : मिळतात, टेरिकॉटची. पोराच्या अंगाला टोचतात ती. बाळंतपणाला जुनंच लागतं, धुवून धुवून साय झालेलं. आणि आईंचं जुनं या घरात काही उरलं नाही बघ. त्या गेल्यावर सगळं बोहारणीच्या पाटीत घातलं. पातेली घेतली. तेव्हा कळलं नाही.

विमला : म्हणून आता माझ्याकडचं.

जयंती : तुझ्याकडचं म्हणजे मीच दिलेलं.

विमला : तू दिलंस. दादाने नाही.

जयंती : पुन्हा तेच.

विमला : तेच. आठ वर्षं झाली तरी तेच. आई गेल्याचं मला कुणा तिसऱ्याकडून कळलं. तेराव्याला मनोरीहून निघाले. सायमन मार्व्याच्या धक्क्यापर्यंत सोडायला आला, म्हणाला, मी बरोबर आलो तर आणखी बिघडेल, तू एकटी जा. जिने चढले, बेल वाजवली. आत बोलणं चाललं होतं, ते थांबलं. आणि दार कुणी उघडलं नाही. ख्रिश्चनाशी लग्न केलं म्हणून आईसुद्धा माझी राहिली नाही का गं?

जयंती : मी स्वयंपाकघरात होते, विमल. वड्याचं पीठ हाताला. गॅलरीतून बघते तर तू गेटाकडे चाललेली. काय करू सुचेना. दोरीवर आईंचं लुगडं वाळत होतं, तेच ओढलं आणि धावले.

विमला : अनवाणी आली होतीस. लुगड्याला पीठ लागलं होतं.

जयंती : वर आले तर तुझा दादा विचारतो, कुठे गेली होतीस? म्हटलं, दोरीवरचं लुगडं वाऱ्याने खाली पडलं, आणायला गेले. म्हणाले, मग कुठाय? म्हटलं, सापडलं नाही.

विमला : आणि?

जयंती : आणि काही नाही. पुढे विचारलंच नाही त्यांनी. कधीच. बरं, उलगड ना ते. बघू तरी दे.

विमला : हे घे.

जयंती : अगंबाई! हेच का ते? इंदुरी होतं ना, निळं? हे तर पार ढगासारखं झालंय. आणि एवढं रफू? नेसतेस की काय?

विमला : नेसत नाही. पांघरते. समुद्राची हवा दमट, घडीवर विरतं. मग जरा कुठे सुटलं की बसते दुपारची. शेजारी ओटीवर जाळी दुरुस्त करत बसतात, मी हे. हसतात मला.

जयंती : दिसत नाही गं पण टाका. कुठला दोरा घेतलास?

विमला : त्याचाच. काठाच्या आतून एकेक उपसून काढायचा. आईने शिकवलं होतं. म्हणायची, परक्या दोऱ्याने सांधलं की कापड ओढून धरतं, घरच्या दोऱ्याने सांधलं की विसरून जातं.

जयंती : तुला बरं शिकवलं. मला म्हणाल्या, तुझा हात जड आहे, तू कॉलरी उलटव. लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्या शर्टाच्या कॉलरी उलटवतेय. विरलेली बाजू आत, कोरी वर. ऑफिसात यांना सगळे म्हणायचे, नवा शर्ट वाटतं!

विमला : आणि मोजे! गेलेला दिव्याचा बल्ब मोज्यात घालून आई टाचेला रफू करायची. दादाने एकदा तो बल्ब कचऱ्यात टाकला, तर केवढी चिडली होती. म्हणाली, उजेड गेला म्हणून काम गेलं का त्याचं?

जयंती : तो अजून आहे. शिवणाच्या डब्यात. दाखवू?

विमला : नको. रडेन मी.

जयंती : रड की. कोण बघतंय? …बरं, हे धर उजेडात. बघ, मधून चाळण झालीय. किती दिवस रफू करशील? आणखी दोन पावसाळ्यांत हातात नुसतं सूत येईल.

विमला : आई असती तर तिने केव्हाच दंड घातला असता.

जयंती : म्हणजे मधलं काढून टाकून…

विमला : हो. मधला विरलेला भाग कापायचा, दोन्हीकडची धड टोकं घेऊन एकमेकांना जोडायची. तो जोड म्हणजे दंड. नेसलं की निऱ्यांत जातो. आईची अर्धी लुगडी दंडाची होती, पण चारचौघांत कधी कळलं नाही कुणाला.

जयंती : विमल.

विमला : काय?

जयंती : तूच बोललीस, मी नाही. मधलं बाळाला, टोकं तुला. दंड घालायला मी बसते बरोबर. हात जड असला तरी.

विमला : मधलंच तर तिच्या अंगाला लागलेलं असायचं गं.

जयंती : म्हणूनच मऊ ना ते.

विमला : …कात्री कुठाय?

जयंती : ही घे. नाही तर असं कर, कडेला जरा नख लाव, पुढे मी टरकन फाडते. सरळ जातं.

विमला : फाडायचा आवाज नाही ऐकवणार मला. कापते. सावकाश कापते. तू बोलत राहा काहीतरी.

जयंती : काय बोलू? अनुपमाला डोहाळे कसले लागलेत सांगू? खडू खाते. पोरांच्या वह्या तपासता तपासता खडू! मुख्याध्यापिकेने बघितलं, तर म्हणे, बाई, शाळेचा माल आहे हो… झालं?

विमला : झालं. दुसरी बाजू.

जयंती : अंथर आता. चौपदरी करू. हं, असं. कडा आत मोड. तू त्या अंगाने धावदोरा घालत ये, मी या अंगाने येते. बारीक घाल बाई, बाळाचं बोट अडकायला नको.

विमला : अडकू दे. आमचीही अडकायची.

(लॅचमध्ये किल्ली फिरते. जयंतीचा नवरा बाळ भाजीची पिशवी घेऊन आत येतो.)

जयंती : आलात? अहो… ही…

बाळ : दिसतेय मला. सकाळी गेटातून आत आली, तेव्हाच दिसली. मी खाली बाकावर होतो.

जयंती : तेव्हापासून? आणा ती पिशवी. कोथिंबिरीने मान टाकली पार.

बाळ : भूक लागली, म्हणून आलो वर.

विमला : मी निघते, वहिनी.

जयंती : टाका अर्ध्यात सोडून? बस तू.

बाळ : हे आईचं ना?

विमला : हो.

बाळ : दोरीवरून पडलेलं.

जयंती : अहो, ते मी तुम्हाला…

बाळ : मी काही विचारलंय का?

विमला : मी विचारते. दादा, दार का नाही उघडलंस?

बाळ : घरात माणसं होती. काका होते, गुरुजी होते.

विमला : माणसं होती, हे मला ऐकू येत होतं.

बाळ : दुसऱ्यांदा बेल वाजली की उघडायचं, असं ठरवलं होतं मी. तू वाजवलीच नाहीस.

विमला : दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसत होते, दादा.

जयंती : पाणी… पाणी देऊ का कुणाला?

बाळ : नको. …चुकलं, हे म्हणायलाही आता फार उशीर झाला.

विमला : झालाच. तरी म्हण.

बाळ : चुकलं माझं, विमल.

विमला : ऐकलं. पण लगेच विसरायची नाही मी.

बाळ : नको विसरूस.

विमला : …वहिनी, ते तुझ्याकडचं टोक बघ. उचलतंय. टाका वाकडा पडतोय माझा.

जयंती : थांब, वरवंटा आणून ठेवते त्याच्यावर.

बाळ : राहू दे. मी बसतो.

जयंती : तुम्ही? खाली? गुडघ्यांचं काय?

बाळ : आई गोधडी शिवायची, तेव्हा आम्हीच तर असायचो. त्या टोकावर ही, या टोकावर मी. हललं की सुई टोचायची.

विमला : तुला टोचायची. मी हलत नसे.

बाळ : तू झोपायचीस. तिथेच, गोधडीवर. मग आई तुझ्या कडेकडेने शिवत जायची. उठवायची नाही.

विमला : हे मला आठवत नाही.

बाळ : मला आठवतं.

जयंती : बरं, आता दोघंही उठा. आमटी उकळलीय, पानं घेते. सायमनसाठी डबाही भरायचाय मला.

बाळ : घाई करू नकोस. तिची ओळ पुरी होऊ दे.