सीटच्या खाचा

गाडी धुण्याच्या दुकानात आपल्या गाडीसाठी ताटकळलेल्या बाईंनी पेपर उघडला खरा, पण कान शेजारच्या बुटक्या काकांकडेच होते. त्यांची नवीकोरी गाडी धुऊन-पुसून दुकानातला पोरगा नुकताच त्यांच्याकडे आला होता.

"झाली, काका. मेण लावून आरसा केलाय."

"आत पाण्याचा टिपूसही नाही ना पडला?"

"नाही हो. तळहाताच्या फोडासारखी जपता तुम्ही गाडी! आणि ड्रायव्हरची सीट पार मागे होती, ती तुमच्या मापाने पुढे घेऊन दिली."

"पुढे घेतलीस?"

"पाय पोचत नसतील ना ब्रेकला."

"पाठीला उशी लावतो मी. किती खाचा मागे होती?"

"मोजल्या नाहीत. कोण चालवायचं?"

"मुलगा. सतरा दिवस चालवली."

"मग ते आले की घेतील मागे."

"तो गेला रे."

बाईंचं पान उलटायचं राहून गेलं.

"चुकलंच माझं, काका."

"तुझी उंची किती?"

"सहा फूट."

"त्याचीही तेवढीच. आत बस बघू."

"कपडे ओलेचिंब आहेत माझे. सीट खराब होईल."

"होऊ दे. तू बस, आणि नीट पाय लांब कर."